जुनी गाडी आणि नवा ब्रेक

जुन्या वस्तूंवर जीव जडलेल्या माणसाला दोन शब्दांचा फार धाक असतो. एक 'नवे' आणि दुसरा 'सोयीचे'. दिवाळीच्या आधी माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली येतात, चिंच लावून घासली जातात, अंगणात उन्हात मांडली जातात. घरातली सून म्हणते, "एवढी जड पातेली ठेवायची तरी कशाला?" आजी म्हणते, "राहू देत ग, माझ्या सासूबाईंची आहेत." या संवादात चूक कोणाचीच नसते. एकीला रोजचे काम दिसते, दुसरीला तीन पिढ्यांचे हात दिसतात. भांडे एकच, पण त्याच्याकडे पाहणाऱ्या दोन निष्ठा असतात आणि दोन्ही खऱ्या असतात.

हाच संवाद गेले वर्षभर मी धसईत एका मोटारगाडीविषयी ऐकतो आहे. धसई म्हणजे मुरबाड तालुक्यातले बाजाराचे गाव. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, खाली भाताची खाचरे, आणि पावसाळा संपला की चहूकडे पिवळ्या पडत चाललेल्या शेताचा वास. येथल्या माझ्या एका स्नेह्यांचे आयुष्य भाताच्या व्यापारात गेले. त्यांच्या वडिलांनी १९७० च्या सुमारास घेतलेली फियाट त्यांनी अजून जपली आहे. जपली आहे म्हणजे गोणपाटाखाली झाकून ठेवलेली नव्हे, ती चालते. देवाला जाते, लग्नाला जाते, नवरीला घेऊन येते. आणि आता नातवंडांचा हट्ट असा, की दिवाळीच्या सुट्टीत तिच्यातूनच माळशेज घाट चढून जुन्नरला जायचे आणि परत उतरायचे.

चढण्याचे कोणालाच भय नव्हते. भय उतरण्याचे. मुरबाडच्या मिस्त्रीने गाडी तपासली आणि सांगितले, "शेठ, शोभेला ठेवायची असेल तर हात लावू नका. घाटात चालवायची असेल तर पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवू." शेठ म्हणाले, "अरे, पण मग ती फियाट राहील का?" आणि सून शांतपणे म्हणाली, "बाबा, मुलांना बसवायचे आहे. आधी ब्रेकचे काय ते ठरवा."

तीन वाक्ये, आणि त्यांत एक सबंध नीतिशास्त्र आहे असे मला वाटले.

ज्यांना यंत्राची गोडी नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द सांगतो. ड्रम ब्रेक म्हणजे चाकाबरोबर फिरणारे एक पालथे पातेले समजा. त्याच्या आत अर्धगोल आकाराच्या दोन पट्ट्या असतात. त्यांना शू म्हणतात. आपण पाय दाबला की तेलाच्या दाबाने त्या बाहेरच्या बाजूला पसरतात आणि पातेल्याच्या आतल्या कडेला घासून त्याला थांबवतात. डिस्क ब्रेक म्हणजे उघडी फिरणारी थाळी, आणि ती दोन्ही बाजूंनी सांडशीने धरावी तशी धरणारी पकड. दोन्हींचे काम एकच, वेगाची उष्णता करून टाकणे. फरक एवढाच, की पातेल्यातली उष्णता कोंडते आणि थाळीवरची वाऱ्याने उडून जाते.

ही उष्णता थोडीथोडकी नसते. माणसे आणि सामान धरून बाराशे किलो वजनाची गाडी शंभर मीटर खाली उतरते, तेव्हा चार लिटर पाणी उकळायला लागावे एवढी उष्णता कुठे तरी जावीच लागते. काही भाग इंजिन आणि वारा घेतात. पायाचा सारा भार ब्रेकवर टाकला तर बाकी सारे त्या पातेल्यांत. तापलेले पातेले फुगते, आतल्या पट्ट्यांपासून दूर सरते, पट्ट्यांची पकड मंदावते, आणि पेडल प्रत्येक वळणावर थोडे अधिक खाली जाऊ लागते. घाटातले जुने चालक याला 'ब्रेक मरणे' म्हणतात. शब्द नेमका आहे. कारण ते एकदम तुटत नाही, हळूहळू मरते.

म्हणून मिस्त्रीचे म्हणणे खोटे नव्हते. पण शेठजींचे म्हणणेही हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. वस्तूतले काय बदलले तर ती वस्तू तीच राहत नाही, हा फार जुना प्रश्न आहे. ग्रीकांनी तो थीसियसच्या जहाजावरून विचारला: एकेक फळी बदलत गेली आणि शेवटी सगळ्याच बदलल्या, तर जहाज तेच का? आपल्याकडे हाच प्रश्न गाडीवरूनच विचारला गेला आहे. मिलिंद राजा रथात बसून भिक्षू नागसेनाला भेटायला आला, तेव्हा नागसेनाने त्याला विचारले, की ज्या रथातून तू आलास तो रथ कोठे आहे? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला आणि अखेर त्याला कबूल करावे लागले, की 'रथ' हे या सर्वांच्या जुळणीला दिलेले नाव आहे.

या हिशेबाने पाहिले तर शेठजींची फियाट केव्हाच 'मूळ' राहिलेली नाही. टायर कित्येकदा बदलले, बॅटऱ्या बदलल्या, ब्रेकच्या शूंवरचे लायनिंग झिजून पुनःपुन्हा नवे आले. खुद्द धसईचे पाहा. १ डिसेंबर २०१६ रोजी हे गाव राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. दुकानांत कार्ड घासायची यंत्रे आली. तांदूळ तोच, गोणी तीच, घासाघीस तीच. पैसे देण्याची रीत तेवढी निराळी. त्या दिवशी कोणी विचारले नाही, की आता ही धसई तीच राहिली का?

'मूळ' या शब्दाचे आणखी एक गंमतीचे अंग आहे. फियाट ११०० ही इटलीची गाडी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे ही गाडी बनू लागली. १९६४ मध्ये येथे 'डिलाइट' आली. सत्तरीत तिचे नाव आधी 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' झाले. खुद्द इटलीत १९६६ सालीच या घराण्याच्या ११०० आर या गाडीला पुढे डिस्क ब्रेक आले होते. आपल्याकडे मात्र परदेशी चलनाची टंचाई आणि परवान्यांची बंधने. त्यामुळे जुन्याच साच्यातून, चारही चाकांना ड्रम असलेली गाडी पुढे कित्येक वर्षे निघत राहिली. म्हणजे ज्याला आपण मूळ रूप म्हणून पूजतो, त्यातला काही भाग कारागिराच्या मनातला होता आणि काही भाग केवळ परिस्थितीची अडचण होती. आईबाप पुढे गेले, मूल मागे राहिले. आणि त्या मागे राहण्यालाच आपण घराण्याची शान म्हणू लागलो.

तरीही मला नागसेनाच्या उत्तराने समाधान होत नाही. गाडी तीच की दुसरी, या प्रश्नाचे उत्तर मिळाले तरी ब्रेक बदलावा की बदलू नये, याचे उत्तर मिळत नाही. पहिला प्रश्न नावाचा आहे, दुसरा कर्तव्याचा. आणि मोटारीच्या बाबतीतही सनातनी आणि सुधारक असे दोन पक्ष असतात. त्यांपैकी सनातन्यांचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय निकाल देणे बरे नव्हे.

शेठजी म्हणतात, "या ब्रेकने मला गाडी चालवायला शिकवले. घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे वडिलांनी सांगितले ते या ब्रेकमुळे. पुढच्या गाडीपासून अंतर ठेव, ओढा ओलांडलास की पेडल हलके दाबून ड्रम वाळवून घे, गर्दी दिसली की आधीच पाय उचल. नवा ब्रेक दिला की हे सगळे विसरायला होते." हा युक्तिवाद भावनेचा नाही, त्यात अनुभव आहे. साधन उणे असले की माणूस जपून वागतो, आणि साधन पुरेसे झाले की माज चढतो. १९८० च्या दशकात जर्मनीतल्या म्युनिक शहरात टॅक्सींच्या एका ताफ्यावर याची परीक्षा झाली. काही टॅक्सींना चाक अडकू न देणारी नवी ब्रेक-यंत्रणा बसवली, काहींना बसवली नाही. अपघात मोजले तेव्हा दोन्हींत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. ज्यांना चांगला ब्रेक मिळाला ते वळणे अधिक वेगाने घेऊ लागले आणि पुढच्या गाडीच्या अधिक जवळ जाऊ लागले होते. यंत्राने दिलेली सुरक्षितता माणसाने वेगात खर्च करून टाकली.

एवढे मान्य करूनही मला या युक्तिवादात एक फट दिसते. उण्या ब्रेकने संयम शिकवला तो कोणाला? चालवणाऱ्याला. पण ब्रेक लागण्याची गरज बहुधा दुसऱ्यालाच असते. चेंडूमागे रस्त्यावर धावत आलेले पोर, डोक्यावर भारा घेऊन वळणापलीकडून येणारी बाई, कळपातून वाट चुकलेले वासरू. यांच्यापैकी कोणीही शेठजींच्या वडिलांचा उपदेश ऐकलेला नाही. मोटारीची बैठक आपल्यासाठी, छप्पर आपल्यासाठी, रंग तर सर्वस्वी आपल्यासाठी. ब्रेक मात्र निम्म्याहून अधिक परक्याच्या मालकीचा. आपण तो केवळ त्याच्या वतीने पायाखाली बाळगतो. गुरू म्हणून मला उणे साधन हवे असेल तर त्या शिक्षणाची फी मी भरली पाहिजे. रस्त्यावरच्या पोराकडून ती वसूल करण्याचा मला अधिकार नाही.

आणि रस्ताही आता तो राहिलेला नाही. १९७० साली कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे करीत घाटाकडे जाणाऱ्या फियाटच्या पुढे बैलगाडी असे, नाही तर आपल्यासारखीच ड्रमवाली गाडी असे. पुढचा हळू थांबे, मागचा हळू थांबे. सर्वांच्या उण्याचा एक मेळ बसलेला होता. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला चाक अडकू न देणारी यंत्रणा सक्तीची आहे. पुढची गाडी आता जागच्या जागी थांबते आणि मागच्याने तसेच थांबावे असे गृहीत धरते. ब्रेक पुरेसा आहे की नाही हे एकट्या ब्रेकवर ठरत नाही, तो कोणांच्या संगतीत चालतो त्यावर ठरते. माणसाच्या चालीरीतींचेही असेच असते. आजोबांच्या काळी जी वागणूक कोणाला दुखवत नव्हती ती आज दुखवू शकते. यात आजोबा वाईट ठरत नाहीत. रस्ता बदललेला असतो.

सनातनी पक्षाचा एक मुद्दा मात्र मला सर्वांत जड वाटतो, आणि तो शेठजींनी मांडला नाही, मीच त्यांच्या वतीने मांडतो. १९८० च्या आणि ९० च्या दशकांत मुंबईभर दिसणारी काळी-पिवळी पद्मिनी आता रस्त्यावर नाही. अशी शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती, आणि वीस वर्षांची मुदत भरताच ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती इतिहासजमा झाली. उरलेल्या थोड्या गाड्याही प्रत्येकाने आपापल्या सोयीने सुधारल्या, तर उद्याच्या मुलाला कळणार कसे, की पणजोबांना गाडी थांबवायला पाय किती जोराने दाबावा लागे? जुनी वस्तू ही साक्षीदार असते. तिचे उणेपण हीही तिची साक्षच. साक्षीदाराची जबानी आपल्या सोयीने दुरुस्त करणे हा लहान अपराध नव्हे. आपल्याच जिल्ह्यातले अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधले. त्याच्या झिजलेल्या मूर्तींना कोणी सिमेंटची नाके बसवू लागला तर आपल्याला संताप येईलच.

म्हणजे येथे परक्यांचे दोन दावे एकमेकांसमोर उभे राहतात. एक दावा आज रस्त्यावर असलेल्या परक्याचा, दुसरा अजून जन्माला न आलेल्या परक्याचा. पहिला म्हणतो, मला वाचव. दुसरा म्हणतो, मला खरे काय ते दाखव. दोघेही न्याय्य बोलतात. मग निवाडा कोणत्या कसोटीवर करायचा?

मला कसोटी अशी सुचते: जे पुन्हा जागेवर आणता येते त्याने, जे कधीच परत येत नाही त्याच्यासाठी वाट सोडावी. काढलेला ड्रम पुन्हा बसवता येतो. गेलेला जीव बसवता येत नाही. पण या कसोटीत सुधारकावरही एक बंधन येते, आणि ते त्याने विसरू नये. त्याची सुधारणा खरोखरच उलटवता येण्यासारखी पाहिजे. लोखंड कापून, सांगाडा वितळवून, जुने भाग भंगारात घालून केलेल्या बदलाला ही सवलत मिळत नाही. १९६४ मध्ये व्हेनिस येथे जुन्या वास्तूंच्या रक्षणाविषयी जी सनद झाली तिच्यातही हाच विवेक आहे: नवा भाग जुन्याशी जुळावा, पण तो नवा आहे हे ओळखू यावे. जुन्याचे सोंग आणू नये.

दुसरे बंधन कारागिरीचे आहे, आणि त्यात मला सर्व सुधारणांचा धडा दिसतो. ड्रम काढून थाळी लावली की काम झाले, असे नाही. ड्रमच्या आतली पुढची शू फिरत्या ड्रमबरोबर ओढली जाऊन आपोआप अधिक घट्ट बसते, म्हणून पायाला जोर कमी लागतो. थाळीला अशी मदत मिळत नाही; तिला अधिक दाब लागतो, आणि तो देणारा बूस्टर जोडावा लागतो. मास्टर सिलिंडर नव्या पकडीला पुरेसे तेल देणारा हवा. ड्रमसाठी नळीत राखलेला थोडासा दाब थाळीला लागू नये, नाही तर ब्रेक न दाबताही ती घासत राहते आणि तापते. पुढच्या आणि मागच्या चाकांचा समतोल साधावा लागतो. मागची चाके आधी अडकली तर गाडी गर्रकन फिरते. जुन्या काळच्या पुष्कळ गाड्यांत चारही ब्रेकांना तेलाचा एकच मार्ग असे. एके ठिकाणी गळती लागली की चारही गेले. तेथे दोन स्वतंत्र मार्गांचा सिलिंडर बसवणे, हे चकचकीत थाळीपेक्षाही अधिक मोलाचे. आणि मागे ड्रम राहिले तरी त्यात कमीपणा नाही. आजही कित्येक नव्या लहान गाड्यांना मागे ड्रमच असतात. अर्धवट सुधारणा कधी कधी जुन्या उण्यापेक्षा घातक ठरते, कारण जुन्याचे उणे आपल्याला ठाऊक असते आणि नव्यावर आपण डोळे मिटून विसंबतो.

कायद्यालाही हा पेच सुटलेला दिसत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलांपासून दूर जाणाऱ्या फेरफारांना आडकाठी करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती आडकाठी पक्की केली. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. तिथेही अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी, सांगाडा, बॉडी किंवा इंजिन बदललेले नसावे. ब्रेकचे नाव त्या यादीत नाही. म्हणून परिवहन कार्यालयाला आधी विचारून, लेखी घेऊन मगच पाना हातात घ्यावा, हे शहाणपणाचे.

याचा अर्थ प्रत्येक जुन्या गाडीला डिस्क बसवलीच पाहिजे असा कोणी करू नये. संग्रहालयात उभ्या असलेल्या गाडीला बोट लावणेही पाप. जी केवळ सणावारी गावातल्या गावात फिरते तिचे ड्रम नीट घासून, शू जुळवून, तेल बदलून ठेवले तर पुरे. प्रश्न जुने की नवे हा नाहीच. माझ्या निष्ठेची किंमत कोण मोजतो आहे, हा आहे. ती मी मोजत असेन तर ती निष्ठा. दुसऱ्याला न विचारता त्याच्या खिशातून ती जात असेल, तर तिला निष्ठा म्हणणे मला जमत नाही; तिला मग हौस म्हणावे.

शेठजींशी मी हे सारे बोललो. ते बराच वेळ गप्प राहिले. मग माळ्यावरून उतरवलेल्या पातेल्यांकडे बोट दाखवून त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "बाबा, याला दर वर्षी कल्हई लावतो ना आपण? नाही लावली तर आमटी कळकते. म्हणून पातेले सासूबाईंचे राहिले नाही असे कोणी म्हटले का?" पानभर तत्त्वज्ञान करूनही मला हा दाखला सुचला नव्हता. कल्हई भांड्याची नसतेच. ती जेवणाऱ्याची असते.

मिस्त्रीला आता काम सांगितले आहे. अट एकच: काही कापायचे नाही, आणि निघालेला प्रत्येक भाग ग्रीस लावून, कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून शेठजींच्या स्वाधीन करायचा. माळ्यावर पातेल्यांची जागा रिकामी झाली आहे, तेथे ते ड्रम राहतील. काम पुरे व्हायला दिवाळी उलटून जाईल असे मिस्त्री म्हणतो. नातवंडे रुसली आहेत. शेठजींनी त्यांना सांगितले आहे, की घाट कोठे जात नाही, आपण नाताळात जाऊ. आणि गेलो तरी उतरताना दुसऱ्याच गिअरमध्ये उतरू.

नवा ब्रेक असूनही दुसऱ्याच गिअरमध्ये. हे ऐकून मला फार बरे वाटले. जुन्याने जे शिकवले ते नवे आल्यावरही विसरायचे नाही, एवढे ज्याला साधले त्याच्या हाती कोणतीही सुधारणा निर्धास्तपणे द्यावी.